परदेशी शिकणारी आपली मुले आणि आपले कर्तव्य

(वर्षावास प्रवचनमालेत श्रावण पौर्णिमेच्या दिवशी मंडळाच्या वतीने वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा कार्यक्रम निरोपाचा आहे. आपल्या वस्तीतील एक मुलगी येत्या महिन्यात युरोपातील एका विद्यापीठात एका सत्रासाठी शिकायला जात आहे. तिचे वडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि आई मोसंबीच्या बागांत खुरपणीला जाते. व्यासपीठावरून आपले नाव घेऊ नका, अशी तिने आम्हांला विनंती केली. "परत आल्यावर घ्या," असे ती म्हणाली. आम्हांला तिचे हे म्हणणे फार आवडले, म्हणून तिचे नाव न घेताच आम्ही बोलणार आहोत.

मंडळाने हा विषय आम्हां तिघा कार्यकर्त्यांकडे सोपविला. आम्ही एकत्र बसून हे टिपण तयार केले, म्हणून यात 'मी' नाही, 'आम्ही' आहे. शिवाय यात आम्हांला एक चूक कबूल करायची आहे आणि ती चूकही एकट्यादुकट्याची नाही.

प्रथम तिच्या वडिलांनी विचारलेला प्रश्न घेऊ. ते म्हणाले, "पोरगी परक्या मुलखात एकटी कशी राहील?" प्रश्न रास्त आहे. पण आम्ही त्यांना म्हणालो, दादा, परक्या मुलखात राहण्याचे शास्त्र तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या आपल्या तालुक्यांतून किती बिऱ्हाडे कारखान्यांवर जातात! मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये संसार भरायचा, अनोळखी शिवारात पाचटाची कोपी घालायची आणि पाच-सहा महिने तिथल्या पाण्याशी, बोलीशी, थंडीशी जुळवून घ्यायचे. जो माणूस हे करतो, त्याच्या मुलीला परगावी राहण्याची कला शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की बापाच्या डोक्यावर उचलीचे ओझे असते आणि मुलगी मात्र स्वतःच्या गुणांवर मिळविलेली जागा घेऊन जात आहे. आणखी एक फरक आहे. कोपीच्या शेजारी आपल्याच गावाची दुसरी कोपी असते. तिच्या खोलीशेजारी तशी कोणाची खोली नसेल. खरी अडचण ही आहे आणि आज आम्ही तिच्याचबद्दल बोलणार आहोत.

अदलाबदलीचे शिक्षण म्हणजे काय, असे आपल्यापैकी अनेकांनी विचारले. दोन विद्यापीठे आपसांत करार करतात. इकडचा विद्यार्थी एक-दोन सत्रे तिकडे शिकतो, तिकडचा इकडे येतो. फी बहुधा आपल्याच विद्यापीठात भरायची असते आणि तिकडे मिळविलेले गुण इकडच्या पदवीत धरले जातात. मात्र विमानाचे भाडे, खोलीचे भाडे, जेवणखाण आणि विमा यांचा भार सहसा विद्यार्थ्यावर पडतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. या दोन्ही शिष्यवृत्त्या परदेशात पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. पूर्ण करणाऱ्यांसाठी आहेत. ज्यांना तो मार्ग धरायचा आहे, त्यांनी जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट ही तीन कागदपत्रे जाहिरात निघण्याच्या वर्षभर आधी तयार ठेवावीत. हुशार मुलांच्या संधी प्रवेशाअभावी जितक्या हुकतात, तितक्याच एका दाखल्याअभावी हुकतात.

काही जण म्हणतील, हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. तसे नाही. सातव्या शतकात चीनहून ह्युएन त्संग आला, तो नालंदेत अनेक वर्षे विद्यार्थी म्हणून राहिला. नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या सुमात्रा भागाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधला. त्याच्या विनंतीवरून पाल राजा देवपाल याने त्या विहाराच्या खर्चासाठी पाच गावांचे उत्पन्न लावून दिले. याचा ताम्रपट नालंदेत सापडला आहे. त्यात खर्चाच्या बाबी दिल्या आहेत. भिक्खूंचे अन्नवस्त्र आहे, ग्रंथांचे लेखन आहे आणि आजाऱ्यांसाठी औषधही आहे. परदेशातून शिकायला आलेला माणूस आजारी पडेल, हा विचार अकराशे वर्षांपूर्वी त्या लोकांनी केला होता, हे ध्यानात घ्या.

आपला जिल्हाही जगापासून कधी तुटलेला नव्हता. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचा उल्लेख आहे. इटलीतील पाँपेई हे शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती आपल्या भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे आणि पाँपेईची मूर्ती याच भागात घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. दोन हजार वर्षांपूर्वी केळना नदीकाठच्या कारागिराचे काम समुद्रापलीकडे जाऊ शकत होते. मग आज त्याच मातीतली एक मुलगी निघाली तर नवल कसले?

आता बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेकडे वळू. आपल्या घराघरांत त्यांची तसबीर आहे, पण परक्या शहरातील त्यांच्या दिवसांकडे आपण बारकाईने पाहत नाही. आपण पदव्या मोजतो. त्या पदव्यांमागचे जेवण, भाडे आणि एकटेपण मोजत नाही.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. वय बावीस. घरी माता रमाई आणि वर्षही न भरलेला यशवंत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. त्या साडेअकरा पौंडांतूनही काही भाग घरी पाठवावा लागत असे. कोलंबिया विद्यापीठात आरंभी ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. आठवडाभरातच त्यांनी ती जागा सोडली. पुढे ते कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. म्हणजे आपल्या मुलीला पहिल्या आठवड्यात तिकडचे जेवण गेले नाही, तर तिने लाज वाटून घेऊ नये. हा अनुभव खुद्द बाबासाहेबांचाही आहे.

पण जागा बदलली तरी अभ्यास बदलला नाही. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. सेलिग्मन, जॉन ड्यूई, रॉबिन्सन, गोल्डनवायझर असे गुरू त्यांना लाभले. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. ज्या देशात त्यांना जात विचारणारे कोणी नव्हते, त्या देशात बसून त्यांनी जातीचे मूळ शोधले. दूर गेल्यावर घर अधिक स्पष्ट दिसते, याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

न्यूयॉर्कला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत वडिलांच्या एका स्नेह्यांना त्यांनी पत्र लिहिले होते. मुलांच्या जोडीने मुलींना शिकविले तर समाजाची प्रगती झपाट्याने होईल, असा त्या पत्राचा आशय आहे. हे १९१३ सालचे म्हणणे आहे. शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज या विहारातून एक मुलगी निघाली आहे, तेव्हा त्या पत्राला आपले उत्तर पोहोचायला किती उशीर झाला, याचाही विचार आपण करावा.

पुढे लंडन. ऑक्टोबर १९१६ मध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परतताना सामान दुसऱ्या बोटीने पाठविले होते. पहिल्या महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा पोटाला चिमटा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर बसत. रात्री भूक लागली की जवळचे पापड भाजून खात. १९२१-२२ या काळात ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि आज तेथे स्मारक आहे. आपल्यापैकी कोणी कधी तेथे गेले, तर पुस्तकांबरोबर त्या पापडांचीही आठवण ठेवावी.

बंधू-भगिनींनो, आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. १९२० सालचा लंडनचा खर्च कोठून आला? सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून शिल्लक टाकलेले पैसे होते. राजर्षी शाहू महाराजांची मदत होती. आणि पाच हजार रुपयांचे कर्ज होते. हे कर्ज नवल भथेना या पारशी मित्राने दिले. हे तेच भथेना, जे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये बाबासाहेबांबरोबर राहिले होते. १९२३ मध्ये बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परतले, पण वकिलीची सनद काढायला हाताशी पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले. परक्या शहरातल्या वसतिगृहात जुळलेली मैत्री किती दूरवर कामाला आली, पाहा.

आपण दर जयंतीला मुलांना सांगतो, "बाबासाहेबांसारखे व्हा." सांगावेच. पण जे घरी राहणार आहेत, त्यांना कोणी सांगत नाही की तुम्ही नवल भथेना व्हा. सर्वांनाच कोलंबियाला जाता येणार नाही. पण जाणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल. मुंबईत संसाराचा गाडा ओढणाऱ्या रमाईला कोणी शिष्यवृत्ती दिली नव्हती. तरी त्या पदव्यांत तिचा वाटा आहे.

आता चुकीबद्दल. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एक मुलगा परदेशी शिकायला गेला. आपण त्याची मिरवणूक काढली. चौकात फलक लावला. हलगी वाजली, पेढे वाटले, भाषणे झाली. त्यांत आम्हीही होतो. तो गेला आणि आपण आपापल्या कामाला लागलो. पहिला हप्ता त्याच्या हाती फार उशिरा पडला. तोवर खोलीचे भाडे भरून जे उरत होते त्यात तो एक वेळ जेवत होता. दुपारी चारला अंधार पडायचा. आई फोनवर विचारायची, "जेवलास का?" तो म्हणायचा, "हो." आईला घोर लागू नये म्हणून तो खोटे बोलत होता, आणि दुसऱ्या कोणी त्याला विचारलेच नाही. काहींनी फोन केले, पण ते आपल्या मुलाला तिकडे कसे पाठवावे, हे विचारायला.

त्याने शिक्षण पुरे केले, कारण तो चिवट होता. परतल्यावर याच विहारात आपण त्याचा दुसरा सत्कार केला. शाल घेताना तो हळूच आम्हांला म्हणाला, "दोन्ही वेळा शाल दिलीत. मधल्या काळात एखादा फोन केला असता तर बरे झाले असते." हे वाक्य आम्ही विसरू शकलो नाही. त्याच्या हलाखीला हप्ता देणारे कार्यालय जबाबदार असेलही. पण त्याच्या एकटेपणाला आपण जबाबदार होतो.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. मग भगवंतांनी भिक्खूंना बोलावून समजावले की येथे शुश्रूषा करायला तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेईल? भगवंतांनी भिक्खूंना धम्मप्रचारासाठी पाठविले, तेव्हा दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असेही सांगितले होते. म्हणजे वाट एकट्याने चालायची असते, पण आजारात कोणी एकटे पडता कामा नये. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना यातल्या दोन्ही गोष्टी लागू आहेत.

म्हणून आम्ही मंडळापुढे तीन सूचना ठेवत आहोत. पहिली, 'पहिले दोन महिने' नावाची पेटी. प्रत्येक घराने महिन्याला वीस रुपये टाकावेत. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला निघतानाच दोन महिन्यांच्या जेवणाचे आणि भाड्याचे पैसे बिनव्याजी द्यावेत. कमावता झाल्यावर त्याने ते पेटीत परत टाकावेत, म्हणजे पुढच्याला मिळतील. दुसरी, दर रविवारी ठरलेल्या वेळी मंडळातील एकाने फोन करावा. आई-वडिलांचा फोन वेगळा आणि हा वेगळा, कारण आईला जे सांगता येत नाही ते दुसऱ्याला सांगता येते. फोनवर "अभ्यास कसा आहे" हे शेवटी विचारावे. आधी विचारावे, आज काय जेवलीस, कोणाबरोबर जेवलीस. तिसरी, मिरवणुकीचा खर्च बंद करावा आणि तो पैसा पेटीत घालावा. या तिसऱ्या सूचनेवर काही जण नाराज होतील, याची आम्हांला कल्पना आहे. पण हलगीचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येतो. पुढच्या हिवाळ्यात तो कोणाच्या उपयोगी पडत नाही.

आता चार शब्द जाणाऱ्या मुलीसाठी. बाळ, आडनाव लपवू नकोस. परदेशात गेले की जात मागे राहते, असे म्हणतात, पण ते नेहमीच खरे नसते. आपल्या देशातून गेलेली माणसे कधी कधी पिशवीत लोणच्याबरोबर जातही नेतात. म्हणूनच ब्रँडाइस विद्यापीठाला २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश करावा लागला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल हे जातिभेदाला कायद्याने बंदी करणारे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. कोणी आडून आडून गाव, आडनाव विचारले तर सरळ उत्तर दे. त्रास झाला तर लिहून ठेव आणि विद्यापीठाच्या जबाबदार व्यक्तीस सांग. पण त्याच वेळी आपल्याच माणसांच्या कोंडाळ्यात बसून सहा महिने घालवू नकोस. तुझा नवल भथेना कोणत्या देशाचा असेल, हे आज कोणालाच ठाऊक नाही. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी एकटी खाऊ नकोस, चार जणांना बोलावून खा. ओळख अशीच होते. आणि एक वेळ उपाशी राहिलीस, तर "जेवले" असे सांगू नकोस. आमच्याशी खोटे बोलायची तुला सूट नाही.

शेवटी परतण्याबद्दल. १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परदेशातील वास्तव्यात अस्पृश्यतेची जाणीव आपल्या मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पण बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी निवासात उतरले. अकराव्या दिवशी दहा-बारा माणसे काठ्या घेऊन दारात उभी राहिली. ज्यांच्याकडे आसरा मागितला, त्या दोघा स्नेह्यांनीही टाळले. त्यांना एका सार्वजनिक बागेत बसून परतीच्या गाडीची वाट पाहावी लागली. परक्या शहराने ज्याला खोली दिली, त्याला आपल्या देशातील शहराने खोली दिली नाही. एका पारशाने कर्ज दिले आणि पारशांनीच बाहेर काढले, हेही याच माणसाच्या आयुष्यात घडले. म्हणून माणसे पारखावी ती जमातीवरून नव्हे, कृतीवरून.

त्या प्रसंगातून आपण घ्यायचा बोध असा की परत येणाऱ्या मुलाला घर मिळाले पाहिजे. ही मुलगी परत येईल तेव्हा तिचे बोलणे, विचार थोडे बदललेले असतील. ती आपल्याला प्रश्न विचारील. विहारात स्त्रियांना मागे का बसवता, हिशेब दरवर्षी का मांडत नाही, असेही कदाचित विचारील. तेव्हा "तिकडे जाऊन शहाणी झाली" असे म्हणून तिला बागेत बसवू नका. तिच्याकडून आम्ही पैशाची परतफेड तर मागतोच, पण त्याहून जास्त एक संध्याकाळ मागतो. तिने याच ठिकाणी दहावी-बारावीच्या मुलांपुढे नकाशा पसरावा आणि पहिल्या दोन महिन्यांत काय काय झाले, ते खरेखुरे सांगावे.

अध्यक्ष महोदय, पेटी आम्ही बरोबर आणली आहे. ती दाराशी ठेवली आहे. तिच्यात पहिली नोट तिच्या वडिलांनी टाकली. आम्ही नको म्हणालो, तर म्हणाले, "माझी पोरगी काही शेवटची नाही जाणार." याहून अधिक बोलण्याची आम्हांला आवश्यकता वाटत नाही.

 जयभीम! नमो बुद्धाय!